अकरा माशांचे प्रभारी

उकंडराव अंभोरे यांच्या हाती आयुष्यात पहिल्यांदा स्वतंत्र कारभार आला तो वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, जऊळका स्टेशनच्या फलाटावर. कारभार होता अकरा माशांचा.

नोव्हेंबर संपत आला होता. गाडी यायला अवकाश होता आणि त्यांच्या पत्नी भागिरथाबाई दोन्ही पिशव्यांवर हात ठेवून बाकावर बसल्या होत्या. नाशिकला लेकीचं, मंजुषाचं, पहिलं बाळंतपण होतं. लेकीची शाळेची नोकरी, जावयाची कारखान्यातली पाळी. तिला माहेरी येणं जमेना, म्हणून आईच निघाली होती. परत यायला फेब्रुवारी उजाडणार होता. पिशवीत मेथीचे लाडू होते, डिंक होता, जुन्या साड्यांची दुपटी होती. बाईंचं ध्यान मात्र घरामागच्या हौदात होतं.

“आयका,” त्या म्हणाल्या. “थंडीत मासे खाली बुडाशी जाऊन बसतात. बसू द्या. चार दिवसातून एकदा, ऊन डोक्यावर आलं की चिमूटभर दाणे टाकजा. नाई खाल्ले तं नाई खाल्ले. पानी बदलवू नोका. हिरवं दिसलं तरी बदलवू नोका. संध्याकाळी अर्ध्या हौदावर पोतं टाकजा, सकाऊन काढजा. बस.”

“बस? आनखी काय करू?”

“काईच करू नोका.”

“मंग देखभाल कायची?”

“हेच देखभाल होय.”

उकंडरावांनी मान डोलावली. साहेबांपुढे ती चौतीस वर्षं अशीच डोलत आली होती. सूचना मानेला पोहोचली होती. कानांचा त्यात काही भाग नव्हता.

आता या गृहस्थाची ओळख नीट करून द्यायला हवी, कारण नटाच्या पूर्वीच्या भूमिका ठाऊक नसल्या तर त्याची नवी भूमिका पडते कशी हे कळत नाही.

उकंडराव डासांच्या खात्यात होते. सरकारी नाव लांबलचक होतं. गावोगावी लोक ‘डासवाले’ म्हणत. जवानीत पाठीवर पंप घेऊन फवारणी केली, पुढे वही आली, सायकल आली, नंतर मोटारसायकल आली. घरोघर जायचं, तापाचे पेशंट विचारायचे, रांजणात वाकून अळ्या बघायच्या, गप्पी मासे विहिरीत सोडायचे आणि लोकांना सांगायचं की आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. म्हणजे घरातलं प्रत्येक भांडं, प्रत्येक टाकी रिकामी करून, घासून, वाळवून पुन्हा भरा, म्हणजे डासांची पैदास होत नाही. हे सगळं उकंडरावांनी केलं असं वह्या सांगतात. तालुक्याच्या गावच्या, मालेगावच्या, बसस्टँडसमोरचा चहावाला वेगळं सांगायचा. तो म्हणायचा, “अंभोरेसाहेब सकाळी नऊला आमच्या बाकड्यावर बसले की दुपारी दोनपर्यंत सात गावं फिरून होत.”

पण माणूस गोड. फवारणीची टोळी गावात शिरली की पोरं पंपाच्या वासामागे धावायची, म्हाताऱ्या हंडे झाकायच्या आणि उकंडराव मधोमध उभे राहून भाषण ठोकायचे. काय तो आवाज! कर्ण्याची गरज नसे. एका गावात भाषण केलं की शेजारच्या दोन गावांत भेट दिल्याची नोंद करायला हरकत नाही, इतका लांब जाई. त्या काळी करमणूक कमी होती आणि लोक डासांवरचं भाषणसुद्धा शेवटपर्यंत ऐकत. आज कोण ऐकतो?

या आवाजामुळेच एकदा भीमजयंतीच्या नाटकात त्यांना मोठी भूमिका दिली होती. संवाद पाठ होईनात, म्हणून ती काढून घेऊन त्यांना दुसऱ्या अंकातलं प्रेत दिलं. करायचं काही नव्हतं, पंधरा मिनिटं पडून राहायचं होतं. नायिका छाती पिटून रडत होती, पुढच्या रांगेतल्या बाया पदर डोळ्यांना लावत होत्या आणि उकंडरावांच्या लक्षात आलं की आपल्या अंगावरची चादर एका बाजूला जास्त लोंबते आहे. ते उठून बसले, चादर दोन्हीकडून सारखी केली आणि पुन्हा मेले. ते नाटक करुण म्हणून लिहिलं होतं. शिरपूरपर्यंत लोक ते विनोदी म्हणून सांगत राहिले.

तर असा हा माणूस. काम करा म्हटलं की बसून राहणार आणि बसून राहा म्हटलं की उठणार.

भागिरथाबाई पार उलट्या. सत्तावीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होत्या. चाळीस पोरं एका खोलीत निजवायची आणि एकही जागं होऊ द्यायचं नाही, ही त्यांची कला. सेवेतून मोकळ्या झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी म्हणून एकच हट्ट धरला. घरामागे, जिथे उकंडरावांना मोटारसायकलीसाठी शेड हवं होतं, तिथे हौद बांधून घेतला. कमरेइतका खोल, कडेला जास्वंद आणि गवती चहा, पाण्यात कमळाची एक कुंडी. वाशिमहून रंगीत मासे आणले, बोटाच्या पेराएवढे. प्लास्टिकची पिशवी मांडीवर घेऊन त्या एसटीत अशा बसल्या होत्या की कंडक्टरने हळू आवाजात तिकीट विचारलं. दोन वर्षांत त्या माशांचे तळहाताएवढे केशरी, पांढरे, ठिपक्यांचे ऐवज झाले.

आणि उकंडरावांचं दुखणं काय होतं तेही सांगून टाकतो. चाळीस वर्षांच्या संसारात बाईंनी त्यांच्या शब्दावर कधी विसंबून पाहिलं नव्हतं. भांडण नाही, टोमणा नाही. त्यांनी “गॅस बंद केला” म्हटलं की बाई उठायच्या, बघून यायच्या आणि परत येऊन बसायच्या. “कडी लावली” म्हटलं की उठायच्या. “भाजीत मीठ टाकलं” म्हटलं की चमचा घेऊन उठायच्या. पाहुण्यांदेखत उठायच्या. उकंडरावांना जगात दुसरी महत्त्वाकांक्षा उरली नव्हती. आपण एकदा “झालं” म्हणावं आणि ही बाई जागची हलू नये, एवढीच. अकरा मासे सुखरूप परत दिले की ते साधणार होतं. गाडी सुटली तेव्हा फलाटावर हात हलवणारा माणूस मनातून मोहिमेवर निघाला होता.

पहिले चार दिवस त्यांनी हौदाकाठी खुर्ची टाकून निरीक्षण केलं. कानटोपी, मफलर, दोन स्वेटर. मासे तळाशी ओळीने बसले होते. हलत नव्हते. कल्ला तेवढा हळूच उघडमिट व्हायचा. उकंडरावांना तो प्रकार पाहवेना. थंडीचे दिवस म्हणजे खायचे दिवस. वऱ्हाडात या दिवसांत कोणाच्या दारी गेलात तर ताटावरून उठू देत नाहीत. आणि इथे घरचे अकरा जीव उपाशी बसलेले! त्यांनी कणकेच्या गोळ्या केल्या. मासे आले नाहीत. भाकर कुस्करून टाकली. आले नाहीत. तेव्हा बायको आपल्यासाठी ठेवून गेलेल्या डब्यातला एक मेथीचा लाडू फोडून त्यांनी हौदात सोडला आणि गोड आवाजात म्हणाले, “घ्या राजेहो, लाजू नोका.”

कुंपणाच्या भिंतीवरून डोकं वर आलं. ते भाऊसिंग राठोडचं होतं. भाऊसिंग म्हणजे शेजारी. जन्मभर ट्रक चालवून आता दम्यामुळे घरी बसलेला. ट्रक गेला तरी हॉर्न मारायची सवय गेली नव्हती.

“अबे उकंड, मासे होय का जावई होय?”

“जिवाले ऊब पायजे ना भाऊसिंग. मेथी गरम रायते.”

“मंग एकेक स्वेटर घाल की त्याइले. कल्ल्यापाशी भोकं ठेवजो फक्त.”

चार दिवसांत हौदाचं पाणी ताकासारखं झालं. वास येऊ लागला. भागिरथाबाईंचा फोन रोज संध्याकाळी पाचला यायचा. लेकीची तब्येत सांगून झाली की एकच प्रश्न असायचा, “मासे?”

“निरंक,” उकंडराव म्हणाले.

खात्यात सांगण्यासारखं काही घडलं नसलं की अहवालाच्या रकान्यात हा शब्द लिहायचा. त्यांनी तो इतक्या वेळा लिहिला होता की झोपेत त्यांची बोटं तेवढाच शब्द लिहायची.

“निरंक म्हंजे? जिते हायेत का मेले?”

“अवं, जिते हायेत. सारं ठीक हाये.”

नाशिकहून उठून बघून येता येत नव्हतं म्हणून, नाही तर बाई उठल्याच होत्या.

घाण पाण्याला काय करायचं याचं उत्तर डासांच्या खात्यातल्या माणसाला विचारावं लागत नाही. उकंडरावांनी शुक्रवार निवडला. चौतीस वर्षं त्यांनी अख्ख्या तालुक्याला शुक्रवारी कोरडा दिवस पाळायला सांगितलं होतं आणि एवढ्या काळात स्वतःच्या हाताने एक रांजणसुद्धा उपसला नव्हता. आता मात्र पहाट फुटताच धोतर खोचून ते हौदात उतरले. पाणी बादलीने उपसून जास्वंदीला दिलं, मासे धुण्याच्या टपात टाकले आणि हौदाची भिंत घासणीने अशी घासली, की बाईंनी दोन वर्षं जपलेलं हिरवं शेवाळ जाऊन आतलं सिमेंट पहिल्या दिवसासारखं पांढरंफटक झालं. मग गच्चीवरच्या टाकीचा कॉक सोडला. रात्रभर उघड्यावर थंड झालेलं, दाताला झिणझिण्या आणणारं पाणी. हौद काठोकाठ भरला आणि अकरा मासे त्यात एकदम ओतले.

दृश्य मोठं देखणं होतं. काचेसारखं पाणी, केशरी मासे, वर कोवळं ऊन. उकंडरावांनी मोबाइलवर फोटो काढला. फोटोत अकराही मासे एका कुशीवर कलले आहेत हे त्यांच्या लक्षात आलं नाही; त्यांना वाटलं, फोटो तिरपा आला.

दुपारपर्यंत त्यांतले दोन मासे पोट वर करून तरंगत होते.

त्यांनी ते जास्वंदीच्या बुडाशी पुरले. भाऊसिंग भिंतीवरून बघत होता. एरवी त्याने “तळून टाकायचे होते” असं काही म्हटलं असतं. पण उकंडरावांचा चेहरा बघून तो फक्त खोकला.

संध्याकाळी पाचला फोन आला. मंजुषाला मुलगी झाली होती. दोघी सुखरूप. उकंडरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, बाई तिकडे हसत होत्या, नात कशी दिसते, नाक कोणाचं, सगळं बोलून झालं. आणि मग, “मासे?”

अशा आनंदाच्या वेळी दोन माशांचं कसं सांगायचं? माणसाला खोटं बोलायला नेहमी चांगलंच कारण सापडतं, आणि उकंडरावांना ते शोधायला कधीच फार लांब जावं लागलं नव्हतं. “निरंक,” ते म्हणाले.

डिसेंबरच्या मध्यावर थंडीची लाट आली. शेकोटीभोवती लोक दिवसाही बसू लागले. उकंडरावांनी विचार केला: दोन मासे मेले ते कशाने? थंडीने. आपल्या धुलाईचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही, कारण जे काम परिपत्रकाप्रमाणे होतं त्याने कोणी मरत नाही. मग थंडी घालवायला हवी. पाणी तापवायचं विजेचं हिटर हौदात सोडायचं त्यांनी जवळपास ठरवलं होतं. वायर मोजताना भाऊसिंगने पाहिलं.

“साहेब, मासे तं जातीनच. पन तू हात घालून पाहशीन पानी तापलं का, अन तूही जाशीन. मंग वयनीले फोनवर कोन सांगन, निरंक?”

हिटर रद्द झालं. चुलीवर मोठा गंज, म्हणजे पाण्याचं पातेलं, चढला. दोन बादल्या उकळतं पाणी त्यांनी हौदाच्या कोपऱ्यात हळूच सोडलं, पुन्हा मायेने, “घ्या, जरा शेका” म्हणत. मासे नेमके त्याच कोपऱ्यात गोळा होऊन बसले होते.

आणखी दोन गेले. जास्वंदीला आता चौघांचं खत होतं.

राहिले सात. ते सात जण कमळाच्या कुंडीमागे एकमेकांना चिकटून बसले आणि हौदाकाठी खुर्चीची चाहूल लागली की आणखी आत सरकू लागले. हे मात्र उकंडरावांना दिसलं. चौतीस वर्षांत ज्या ज्या गावात ते खरोखर गेले होते तिथली पोरं फवारणीचा पंप बघून अशीच आईमागे दडायची. पण पोरं भीत भीत हसायची. मासे हसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते पांढऱ्या पावडरीचं पाकीट घेऊन हौदापाशी उभे होते. विहिरीत टाकायची ब्लिचिंग पावडर. जुन्या पेटीत सापडली होती. पाण्यात काहीतरी रोग असणार, निर्जंतुक करून टाकू, हा विचार. तेवढ्यात मागच्या फाटकातून पल्लवी आली. पल्लवी म्हणजे गावची आशाताई. हातात वही, खांद्याला पिशवी, घरोघर खरोखर फिरणारी.

“जय भीम काका. काय टाकून राह्यले?”

“पानी शुद्ध करतो.”

“ते टाकसान तं सातचे सात आजच जातीन.” तिने पाकीट त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि आपल्या पिशवीत टाकलं. मग तिचंच बोलणं तिच्या लक्षात आलं. “मले अकरा मालूम होते.”

उकंडराव जास्वंदीकडे बघत राहिले.

“काकूनं जाताना मले सांगून ठेवलं होतं,” पल्लवी म्हणाली. “म्हने, पल्लवी, माशाइकडे पाहू नोको, ते आपलं पाहून घेतीन. काकाकडे पाहत जाय. मीच बाळंतिनीच्या गडबडीत राह्यली.”

“तू सांगशीन तिले?”

“मी काहून सांगू? तुमीच सांगा.”

ती गेली आणि भिंतीवरून भाऊसिंग आला. त्याने उपाय आणला होता. “वाशिमले जाय, चार मासे घेऊन ये. केशरी ते केशरी. माशाले काय तोंड असते का वळखाले? माह्या ट्रकचं टायर बदललं तं मालकाले कधी कळलं नाई.” उकंडरावांना हे पटलं. फार पटलं. सोमवारी जायचं ठरलं, झाकणाचा डबासुद्धा धुऊन ठेवला.

मधे रविवार आला.

रविवारी सकाळी विहारात वंदना असते आणि ती सांगायला उकंडरावच उभे राहतात, आवाजामुळे. ते पंचशीलातलं एकेक शील म्हणतात, मागून सगळे म्हणतात. चार दशकं हे चाललं होतं. त्या रविवारीही ते पांढरं नेसून पुढे उभे राहिले, बुद्धाच्या मूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लागल्या, आणि त्यांनी पहिल्या शिलाला हात घातला. जिवाची हत्या न करण्याचं शील. आवाज सवयीप्रमाणे छपराला जाऊन भिडला आणि तिथेच लटकला. डोळ्यांसमोर पोट वर केलेले चौघे आले. ते दोन शब्द पुटपुटले. मागून लोकही तसंच पुटपुटले, कारण लोक नेहमी पुढच्याच्या मागे म्हणतात. दुसरं, तिसरं शील ठीक गेलं. तिथे त्यांचा हिशेब साफ होता. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. आता मात्र आवाजाने साफ पाठ फिरवली. तोंड हललं, ओठ मिटले, काही बाहेर आलं नाही. मागून कोणी काही म्हणेना. बाहेरच्या निंबावरचा पोपट तेवढा ऐकू आला. रंगमंचावर नट अडकला की बाजूने कोणीतरी शब्द पुरवतो. इथे पुढच्या चटईवरून आवाज आला तो पल्लवीचा. ती चौथं शील स्पष्ट, संथ म्हणाली. मग सगळे म्हणाले. उकंडरावही तिच्या मागे म्हणाले, पहिलीतल्या पोरासारखे.

वंदना संपल्यावर म्हाताऱ्यांनी विचारलं, “घसा धरला का जी उकंडराव?” आणि कोणीतरी काढा सांगितला.

ते घरी आले, धुतलेला डबा परत फळीवर ठेवला आणि फोन लावला. सकाळचे दहा वाजले होते. फोन नेहमी पाचला यायचा, तोही तिकडून. बाई घाबरल्या.

“तुमी कसा काय लावला? काय झालं? पडले का?”

“चार गेले.”

“कोन चार?”

“मासे.”

तिकडून बाळाच्या रडण्याचा आवाज आला, मग दार लागल्याचा. बाई बाहेर येऊन उभ्या राहिल्या असाव्यात. “कसे?”

आणि उकंडराव अंभोऱ्यांनी आयुष्यातला पहिला खरा अहवाल दिला. कणीक, भाकर, लाडू, शुक्रवार, घासणी, गच्चीची टाकी, गंज, कोपरा, पावडर, वाशिमचा बेत. काही वगळलं नाही. स्वतःचं भाषण करायची खोड असल्यामुळे थोडं लांबलं, पण खरं होतं.

बाई रडल्या नाहीत. ओरडल्याही नाहीत. “दोन दिवस मले फोन करू नोका,” एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ते दोन दिवस उकंडरावांना कसे गेले ते भाऊसिंगलाच माहीत. त्याने एकही विनोद केला नाही आणि दोन्ही दिवस आपल्या घरून भाजी-भाकर पाठवली. तिसऱ्या दिवशी पाचला फोन वाजला.

“सात हायेत?”

“सात.”

“आता काय करान?”

“काईच नाई.”

“जमते का पाहा,” बाई म्हणाल्या. नातीचं नाव धम्मरत्ना ठेवायचं चाललंय, असं त्याच आवाजात सांगितलं. माशांबद्दल पुढे एक अक्षर नाही.

आणि मग सुरू झाला उकंडरावांच्या सेवेतला सर्वांत खडतर काळ. लोकांना वाटेल, चौतीस वर्षं बसलेल्या माणसाला आणखी दीड महिना बसणं काय अवघड? पण तेव्हा हातात वही असायची. बसलेल्याचं ‘भेट दिली’ असं लिहिता यायचं. इथे लिहायला काही नव्हतं. नुसतं बसायचं, आणि ते बसणं खरं असायला हवं होतं. पाणी हिरवं होऊ लागलं. हात घासणीकडे जायचा, ते तो दुसऱ्या हाताने धरायचे. निंबाची पानं पडली, भाऊसिंग म्हणाला, “गटार झालं ना बे,” तर उकंडरावांनी त्याला असं खडसावलं, की तसं पूर्वी डासांनाही कधी खडसावलं नसेल. “हात लावू नोको! राहू दे!” दर चौथ्या दिवशी चिमूटभर दाणे. नाही खाल्ले तर चरफडत परत खुर्चीत. संध्याकाळी पोतं, सकाळी पोतं. संक्रांतीच्या सुमाराला त्यांनी घासणी, बादली आणि गंज तिन्ही वस्तू भाऊसिंगकडे ठेवायला दिल्या, दारू सोडणारा बाटली देतो तशा.

बसता बसता काही गोष्टी दिसायला लागल्या. साडेबाराला ऊन कठड्यावरून उतरून हौदाच्या मागच्या कोपऱ्यात पडतं. अर्ध्या तासाने ते पाणी कोमट होतं. मग तळाशी एक शेपटी हलते. एक मासा वर येतो, पाठीवर ऊन घेतो, तोंड पाण्याबाहेर काढून एक बुडबुडा सोडतो आणि आपल्याला काही घाई नाही अशा थाटात परत खाली जातो. हे सगळं कोणी न सांगता, कोणी न सुचवता. उकंडरावांनी असा प्रवेश साऱ्या जन्मात पाहिला नव्हता. पहिल्यांदा पाहिला तेव्हा भाऊसिंगला बोलवायला त्यांनी तोंड उघडलं, आणि उघडलेलं तोंड परत मिटलं. तो मासा घाबरून खाली पळाला नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात भागिरथाबाई परतल्या. स्टेशनवरून ऑटोने आल्या. उकंडरावांनी पिशव्या उचलल्या, बाईंनी चपला काढल्या, पाय धुतले. मोबाइलवर नातीचे फोटो दाखवले, नाक अंभोऱ्यांचंच आहे हे दोघांनी मान्य केलं. माशांचं कोणी काढलं नाही. उकंडराव खांबाला टेकून उभे होते.

शेवटी बाईंनी पदराने तोंड पुसलं. “किती हायेत?”

“सात.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मागचं दार उघडंच होतं, हौद तिथून दहा पावलांवर होता. उकंडरावांनी दारातून बाजूला सरून वाट करून दिली.

“चहा ठेवते,” बाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

उकंडराव तिथेच उभे राहिले. आतून गॅस पेटल्याचा आवाज आला, साखरेचा डबा उघडल्याचा आला. बाई खरंच गेल्या नव्हत्या. त्यांनी “सात” म्हटलं होतं आणि जगात ते सात झाले होते. चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते घडलं, आणि घडल्याबरोबर त्यांना स्वतःचीच शंका आली. सकाळी मोजले तेव्हा सातच होते ना? का सहा? आता कोणी तपासणार नाही. म्हणजे चूक झाली तर ती चूकच राहणार!

ते मागच्या दारातून जवळजवळ धावत गेले आणि हौदाच्या कठड्यावर पोट टेकून पालथे झाले. हिरव्या पाण्यात एक केशरी दिसला. दोन. ठिपक्यांचा, तीन. चार, पाच. पांढरा, सहा. बराच वेळ सहाच.

“काय साहेब,” भिंतीवरून आवाज आला, “पोहाले उतरता का?”

“चूप बस ना बे!” उकंडराव ओरडले. त्यांचा श्वास पाण्याला लागत होता. “चूप बस. एक कमी पडून राह्यला.”

भाऊसिंग खरोखरच गप्प बसला. तोही भिंतीवर छाती टेकून मोजू लागला. साडेबाराचं ऊन मागच्या कोपऱ्यात पडलं होतं. कुंडीच्या मागे काहीतरी हललं, थांबलं, पुन्हा हललं, आणि सातवा, सगळ्यात लहान, पान बाजूला सारत बाहेर आला.

“सात,” उकंडराव हळूच म्हणाले.

आतून बाईंनी हाक मारली, चहा झाला म्हणून. “आलो,” ते म्हणाले, पण उठले नाहीत. खात्री म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.